ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं

नवरा डोंगरावरून कोसळून मरेल या धास्तीत बायकोने एकतीस वर्षं काढायची, आणि त्याने मरायचं कुठे, तर न्हाव्याच्या खुर्चीत. तेही जेवणाच्या सुट्टीत, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलेलं आणि दाढी अर्धीच झालेली. "मी म्हटलं, साहेब, मान जरा डावीकडे करा, तर करेचनात," असं न्हाव्याने नंतर तिला सांगितलं, आणि त्याच्या आवाजात दुःखाबरोबर थोडीशी तक्रारही होती. इस्पितळात तिने चादर बाजूला केली तेव्हा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर दोन दिवसांचे खुंट. आता ही राहिलेली दाढी कोण करणार, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवड्यातले सहा दिवस लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत, कोपरापर्यंत ग्रीसने बरबटलेला, आणि सातव्या दिवशी डोंगरावर. "सहा दिवस उंदराचे, एक दिवस माझा," असं म्हणायचा. ती कवळ्या बनवायची, अजूनही बनवते. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत, दिव्याखाली वाकून, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत. लग्न ठरलं तेव्हा दोघांच्या धंद्यांवरून भरपूर चेष्टा झाली होती. तो म्हणायचा, "मी लोकांना हरभऱ्याच्या झाडाशिवाय वर चढवतो, आणि ही लोकांचे दात त्यांच्याच घशात घालते." हा विनोद त्याने इतक्या वेळा केला की तिने तो ऐकणंच सोडून दिलं होतं. आता तो कोणी करत नाही.

तीन आठवड्यांनी त्याच्या मित्रांनी एक सभा ठेवली. लिफ्टवाल्यांच्या वर्कशॉपवर एक लांबट खोली होती, तिथे. भिंतीला टेकून घडीच्या खुर्च्या, टेबलावर त्याचा फोटो. फोटोत तो एका कड्याच्या टोकावर बसून तोंड उघडून हसत होता. ती बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. इतकं तोंड उघडून हसताना तिने त्याला घरात पाहिलं नव्हतं. त्याची मागची एक दाढ पडलेली आहे हे कवळ्या बनवणाऱ्या बायकोला फोटोवरून कळावं म्हणजे कमालच.

मग एकेक जण बोलायला उठला, आणि प्रत्येक जण त्याला 'बोकड' म्हणत होता. आमचा बोकड. बोकड कसा उभ्या कातळावर चढायचा, बोकडाने कसं एकाला पाठीवर घालून खाली आणलं होतं. निवृत्त मास्तरीणबाई होत्या एक, पासष्टीच्या, काटक, गेली वीस वर्षं यांच्याबरोबर डोंगरावर जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आणि गायचा काय! माथ्यावर पोहोचला की पहिलं गाणं. आवाज अगदी फाटका, पण आव असा आणायचा की मैफलच आहे." सगळे हसले. काही जण हसता हसता रडले.

तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. हा गायचा? हा माणूस, जो घरी आमटीत मीठ कमी आहे हे सांगायलाही दोन घास थांबायचा, तो डोंगरावर गायचा आणि ते ऐकायला मास्तरीणबाई होत्या. मास्तरीणबाई चालत होत्या त्याला. दर पावलाला धापा टाकणारा तो जाडा इलेक्ट्रिशियन चालत होता. कोणाचे मेहुणे, कोणाच्या भाच्या, सगळ्यांना घेऊन जायचा. बायको तेवढी नव्हती.

"वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला," कोणीतरी म्हणालं. ती उभी राहिली. एवढ्या लोकांत बोलायची तिला सवय नव्हती, आणि तिच्याकडे असलेला माणूस या लोकांच्या माणसाशी जुळतही नव्हता. "ते सकाळी लवकर उठायचे," ती म्हणाली. "आवाज न करता दार ओढून घ्यायचे." आणि खाली बसली. हे कसलं भाषण, असं त्यांना वाटलं असेल, आणि वाटलं तर वाटलं.

शेवटी जाहीर झालं की पुढच्या रविवारी सगळे त्याच्या आवडत्या डोंगरावर जाणार आणि तो जिथे नेहमी बसायचा तिथे एक झाड लावणार. सकाळी सहाला निघायचं. हे सांगून झालं आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. मग तितक्याच एकदम सगळ्यांनी नजरा फिरवल्या. कोणी खुर्च्या मिटायला लागलं, कोणी कप गोळा करायला. 'वहिनी, तुम्ही येता का?' असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

ती घरी आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तो तर तो, आता त्याच्या मित्रांनाही ती नको होती. नवरा मेला हे दुःख एका बाजूला, ते कोणालाही सांगता येण्यासारखं होतं. पण गेली एकतीस वर्षं ज्या गोष्टीवरून तिने मनातल्या मनात त्याच्याशी भांडण चालू ठेवलं होतं, ते भांडण आता एकटीनेच पुढे न्यायचं होतं. त्याने तिला बरोबर येतेस का म्हणून कधी विचारलं नाही. का नाही विचारलं? त्याला ती तिथे नको होती का? तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ज्याला विचारायचं तो उत्तर न देताच उठून गेला होता.

नाही म्हणायला ती एकदा गेली होती. लग्नाला चार महिने झाले होते. नवी नवरी म्हणून त्याच्या मित्रांनी तिचं फार कौतुक केलं, आणि नेमक्या त्याच कौतुकाने तिचा घात केला, कारण लाज वाटून ती दमल्याचं सांगेना. अर्ध्या वाटेवर एक सुटलेल्या मुरमाचा चढ होता. तिथे पाय सरकला आणि ती सगळ्यांसमोर दहा-बारा फूट घसरत खाली आली. लागलं फारसं नाही, तळहात सोलवटला. पण साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली, केसांत माती, आणि तो जाडा इलेक्ट्रिशियन, तेव्हा तो जाडा नव्हता, तो हसला. तिचं डोकं फिरलं. ती रडत ओरडली, "मला पुन्हा इथे आणायचं नाही! कधीच नाही! विचारायचंसुद्धा नाही!"

"बरं," नवरा म्हणाला. त्याने तिचा हात धुतला, रुमाल बांधला, आणि ते खाली उतरले.

आता रागात बाई काय काय बोलते. 'माहेरी निघून जाईन' हेही ती पुढे शंभर वेळा बोलली, ते कुठे कोणी खरं धरलं? महिनाभरात तिचा राग गेला, आणि दोन महिन्यांत तिला डोंगर पुन्हा बघावासा वाटू लागला. ती वाट बघत राहिली की हा विचारेल. रविवारी पहाटे तो बुटांच्या नाड्या बांधायचा, पिशवी पाठीला लावायचा, दाराशी यायचा आणि म्हणायचा, "येतो." आणि मग लगेच जायचा नाही. दाराला हात लावून उभा राहायचा, एखाद-दोन मिनिटं. काही विसरलं का ते आठवत असेल असं तिला वाटायचं. ती ओट्याजवळ पाठमोरी उभी असायची, कान त्याच्याकडे लावून. मी का म्हणू? नेणारा तो, त्याने म्हणावं. मग दार हलकेच ओढून घेतल्याचा आवाज यायचा.

सातव्या वर्षी तिने एक शहाणपणा केला. कॅनव्हासचे बूट आणले, चढावर पकडतील अशा तळव्याचे, आणि शनिवारी संध्याकाळी ते दारातल्या फळीवर त्याच्या बुटांशेजारी मांडून ठेवले. त्याने पाहिले. वाकून एक हातात घेतला, तळवा दाबून बघितला. "चांगले आहेत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. तीही बघत उभी राहिली. दगडालाही कळलं असतं. रविवारी तो पुन्हा "येतो" म्हणाला, पुन्हा दाराशी उभा राहिला आणि गेला. सोमवारी तिने ते बूट शेजारणीला देऊन टाकले. त्या दिवशी तिच्या मनाने पक्कं धरलं की त्याला ती नकोच आहे. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, हिचे गुडघे दुखायला लागले आणि घरकोंबडी म्हणून ती सगळ्यांत प्रसिद्ध झाली. कोणी तसं म्हटलं की तीही हसून मान डोलवायची.

सभेनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी लंबू आला. लंबू म्हणजे नवऱ्याचा कामावरचा जोडीदार आणि डोंगरावरचाही. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून लंबू. नवरा गेल्यापासून ही त्याची चौथी फेरी. यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा प्यायचा, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याला इस्पितळातून कपड्यांबरोबर आलेला नवऱ्याचा किल्ल्यांचा जुडगा. चहा संपला की "येतो वहिनी" म्हणून निघायचा. पहिल्या तीन वेळा तिला वाटलं, बिचारा दुःखात आहे. चौथ्या वेळी तिचा संयम संपला.

"भाऊजी, तुम्हाला काही हवंय का?"

"छे छे. काही नाही."

"मग भिंतीकडे काय बघता एवढं? माझ्या भिंतीला काय सोनं लागलंय?"

लंबूने कप खाली ठेवला. "घाई काहीच नाही, वहिनी. तुम्हाला जेव्हा वाटेल तेव्हा."

"काय वाटेल तेव्हा? अहो, नीट सांगा ना! मला अंतर्ज्ञान नाही."

मग त्याने सांगितलं, तेही निम्मं भिंतीला आणि निम्मं तिला. त्या दिवशी नवरा एका कचेरीच्या इमारतीत काम करत होता. दोन लिफ्टांपैकी एक उघडली होती. मुख्य खटका बंद करून त्याने आपलं कुलूप लावलं आणि जेवायच्या सुट्टीत दाढी करायला गेला. ते कुलूप अजून तिथेच आहे. किल्ली त्या जुडग्यात आहे.

"म्हणजे महिना होत आला, लिफ्ट बंद आहे?"

"दुसरी चालू आहे. खाली जरा रांग लागते."

"आणि तुमचे साहेब?"

"त्यांना सांगितलंय, सुटा भाग यायचाय. बाहेरून."

"अहो, मग कापायचं ना कुलूप! नाहीतर पहिल्याच दिवशी मला किल्ली मागायची. मी काय नाही म्हणणार होते?"

लंबूचा चेहरा असा झाला की जणू तिने त्याला चोरी करायला सांगितलं. "दुसऱ्याचं कुलूप कापत नाहीत, वहिनी," तो म्हणाला. "आणि मागत तर मुळीच नाहीत."

बुधवारी तिने दंतवैद्याकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली. ती सात मजली इमारत होती, खाली चालू लिफ्टपुढे खरंच पंधरा माणसं उभी. रांगेला वळसा घालून दोघं जिन्याने निघाली, कारण लंबू म्हणाला की रांग आपल्यामुळे लागली आहे, त्यात आपण घुसायचं बरं दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला, पाचव्यावर ती पायरीवर बसली. लंबू चार पायऱ्या खाली उभा राहिला. बरं वाटतंय का, निघायचं का, काही विचारलं नाही. आपला खिडकीबाहेर बघत राहिला. तिचा श्वास जागेवर आला तेव्हा ती म्हणाली, "चला," आणि तो लगेच निघाला.

गच्चीच्या दारापाशी लिफ्टच्या मशीनची खोली होती. आत तेलाचा वास. नवऱ्याच्या शर्टांना यायचा तोच. खाली एक फडकं पसरलं होतं आणि त्यावर पाने, पेचकस, ब्रश, सगळं लहान-मोठं असं ओळीने मांडलेलं. सगळ्यावर धुळीचा पातळ थर. घरी हा माणूस टॉवेल कुठेही टाकायचा. भिंतीवर लोखंडी पेटी, तिचा दांडा खाली ओढलेला, आणि दांड्यात एक छोटं पितळी कुलूप. कुलपाला लाल पत्रा. पत्र्यावर त्याचं गिचमिड अक्षर: काम चालू आहे. हात लावू नये. खाली तारीख आणि सही.

"राहिलेलं काम मी पूर्ण केलंय," लंबू म्हणाला. "हत्यारं तशीच ठेवली. फक्त कुलूप तेवढं तुम्ही काढा. माणूस नसला तर त्याच्या घरच्याने काढायचं."

"असा नियम आहे?"

"कागदावर नाही."

किल्ली सहज फिरली. कुलूप तिच्या हातात आलं, थंड आणि वजनाच्या मानाने फार लहान. लंबूने तिला दांडा वर ढकलायला सांगितला. मशीन एकदा गुरगुरलं, मोठं चाक फिरलं, दोर हलले आणि खाली कुठेतरी दार सरकल्याचा आवाज झाला. एवढंच. पण लंबूने डोळ्यांना बाही लावली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "चार वेळा घरी आलात. किल्ली समोर दिसत होती. तुमची नोकरी जायची वेळ आली असती. एका वाक्याचं काम होतं, तर विचारलं का नाही?"

लंबू शब्द जुळवत बोलला. तो बोलका माणूस नव्हता. "आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, वहिनी. खाली विहिरीत माणूस काम करत असतो. त्याने वर खटका बंद करून स्वतःचं कुलूप लावलेलं असतं. ते त्यानेच काढायचं. साहेब ओरडू दे, इमारतवाले ओरडू दे. आणि त्याला 'झालं का रे?' म्हणून हाकही मारायची नाही. विचारलं की माणूस घाई करतो. आतून तयार नसला तरी हो म्हणतो, आणि मग मरतो. एक पोरगेला होता आमच्यात, तसाच गेला. तेव्हापासून बोकड म्हणायचा, थांबवलं ज्याने, चालू त्यानेच करायचं. आपण फक्त जवळपास राहायचं, म्हणजे तो म्हणाला की लगेच हाताशी."

ती कुलपाकडे बघत होती. मुठीतलं पितळ आता कोमट झालं होतं. लंबू काय सांगतोय ते तिला समजलं, आणि मग एकदम आणखी काहीतरी समजलं, आणि ते समजू नये असं तिला वाटलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे घरी पण असंच करायचे का?"

लंबू खाली बसून हत्यारं गोळा करायला लागला.

"मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं. पुन्हा आणायचं नाही, विचारायचं नाही. तुम्ही होता तिथे."

"होतो."

"मग?"

"मग काय, वहिनी. तुम्ही बंद केलं होतंत. कुलूप तुमचं होतं." त्याने एक पाना पुसला, पुन्हा पुसला. "आम्ही म्हणायचो त्याला, अरे एकदा विचारून बघ. भांडलोसुद्धा आहोत. तो म्हणायचा, ती घाबरली होती. मी विचारलं तर माझं मन राखायला हो म्हणेल, आणि तिथे पुन्हा घाबरेल. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आणि आम्हालाही बजावून ठेवलं होतं, कोणीही वहिनींना भरीस पाडायचं नाही. परवा सभेतसुद्धा सगळ्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं."

"अहो, मी काय लिफ्ट आहे?" ती ओरडली. त्या छोट्या खोलीत आवाज फार मोठा झाला. "बायको होते मी! बायकोला विचारतात! दहा वेळा विचारतात! मी बूट आणले, बूट! त्याच्या नाकासमोर ठेवले!"

"माहीत आहे," लंबू म्हणाला. "ते बूट आणलेत ना, तेव्हा तो त्या रविवारी दिवसभर हवेत होता. म्हणाला, आता कधीही म्हणेल. मग दुसऱ्याच दिवशी बूट दिसेनासे झाले. तो म्हणाला, नाही रे, अजून नाही."

ती भिंतीला टेकली. रडू यायला लागलं ते नवऱ्यासाठी की स्वतःच्या मूर्खपणासाठी, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. मूर्खपणा दोघांचा सारखाच होता. एक म्हणत होता ती सांगेल, दुसरी म्हणत होती तो विचारेल, आणि मध्ये आयुष्य निघून गेलं. तीन शब्दही लागले नसते.

"दाराशी उभे राहायचे," ती म्हणाली. "येतो म्हणून झाल्यावर. मला वाटायचं, काही विसरलेत."

"हो, उभा राहायचा. त्यामुळे तर आम्हाला नेहमी उशीर व्हायचा." लंबूने हत्यारांची पिशवी बांधली. "तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाववाल्याचं दुकान आहे ना, तिथे आम्ही सहाला जमायचो. तुमच्या घरातून तो कोपरा दिसत नाही. सहा म्हणजे सहा असं सांगायचा आणि वर म्हणायचा, दहा मिनिटं धरून चाला, एखाद्या दिवशी आम्ही दोघं येऊ. पहिली वर्षं आम्ही हसायचो त्याला. मग हसणं बंद झालं, पण दहा मिनिटं राहिली. मास्तरीणबाई नंतर आल्या. त्यांना तर वाटायचं, आमची निघायची वेळच सहा-दहाची आहे."

ती दोघं खाली आली ती त्याच लिफ्टने. चौथ्या मजल्यावर एक कारकून कागदांचा गठ्ठा घेऊन आत शिरला. "झाली का एकदाची चालू!" तो म्हणाला. "महिना लावला. कोण मेकॅनिक होता देव जाणे. कुलूप ठोकून गेला तो गेलाच."

"जेवायला गेले होते," ती म्हणाली.

कारकुनाने तिच्याकडे बघितलं, लंबूकडे बघितलं, आणि तळमजला येईपर्यंत तो आपल्या कागदांकडे बघत राहिला.

इमारतीच्या दारात लंबूने निरोप घेतला. रविवारबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. ती वाट बघत होती. इतकं सगळं झाल्यावरही सवयीने वाट बघत होती की हा आता तरी विचारेल. तो पाठमोरा झाला, दोन पावलं गेला.

"भाऊजी," ती म्हणाली. "मला यायचंय रविवारी."

"बरं," लंबू म्हणाला. अगदी नवऱ्यासारखंच. "सहाला."

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा तिने तिला सांगितलं. "आई, तुझे गुडघे!" मुलगी म्हणाली. "आणि तुला तर डोंगर आवडतच नाही. बाबा नेहमी म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

"म्हणजे, म्हणायचे असं नाही. मी एकदा म्हटलं, आईला पण न्या ना, तर म्हणाले, आईला तू काही बोलू नकोस. मला वाटलं तुला आवडत नाही."

तिने विषय बदलला. इतक्या लांबून कोणाला काय काय समजावणार?

रविवारी ती पाचला उठली. बूट नव्हते, कामावरचे रबरी तळव्याचे जोडे घातले. पाण्याची बाटली घेतली. गुडघ्याला पट्टा बांधला. बरोबर सहाला ती तयार होती आणि तरीही दाराशी येऊन तशीच उभी राहिली, कडीला हात लावून. ओट्याजवळ कोणी नव्हतं. येते, असं मोठ्याने म्हणून बघावं असं तिला वाटलं, पण रिकाम्या घराला काय सांगायचं? तिने दार उघडलं, बाहेर आली आणि ओढून घेतलं. ते आवाज न करता ओढता येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. बिजागरी किरकिरत होती. तो दार थोडं उचलून धरत असला पाहिजे.

गल्लीतून कोपऱ्यापर्यंत चालायला चार मिनिटं लागतात. वळल्यावर ते सगळे दिसले. पाववाल्याच्या बंद फळ्यांना टेकून लंबू, एका हातात रोपाची पिशवी. मास्तरीणबाई काठी घेऊन. जाडा इलेक्ट्रिशियन पायरीवर बसलेला. आणखी पाच-सहा जण. तिला पाहून सगळे सरळ उभे राहिले. इलेक्ट्रिशियनने तिच्या हातातली बाटली घेऊन स्वतःच्या पिशवीत टाकली आणि मान खाली घातली. तिने घड्याळ बघितलं. सहा वाजून आठ मिनिटं.

"चला," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. क्षणभर तिला वाटलं, आपण हळू बोललो. मग तिच्या लक्षात आलं की ते सगळे तिच्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या खांद्यावरून मागे, गल्लीच्या वळणाकडे बघत होते. इतक्या वर्षांची सवय, त्यांना कळतही नसावं. एकतीस वर्षं त्या कोपऱ्यावर दोघांची वाट पाहिली गेली होती आणि दर वेळी एकच माणूस आलं होतं. आजही एकच आलं होतं. तीही मागे वळली आणि त्यांच्याबरोबर उरलेली दोन मिनिटं तिकडे बघत उभी राहिली.